वाइड लेन्स घेण्याआधी खोली मोजा

रमजान ईद झाली की आमच्या धंद्यात निकाहांची गर्दी सुरू होते आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही दरवर्षी दारात येऊन उभा राहतो. "चाचा, फास्ट वाइड लेन्स घ्यायची आहे. कोणती घेऊ?" पूर्वी हा प्रश्न धंद्यातली मुले विचारीत. यंदा तो माझ्या पुतणीने विचारला.

तिची अडचण खरी होती. बायकांच्या बाजूचे फोटो बाईनेच काढावेत अशी इच्छा पुष्कळ घरांतून असते, पण काढणारी बाई मिळत नाही. त्यामुळे तिला कामे भराभर मिळू लागली आहेत. मशिदीत निकाह होतो तिथे ट्यूबलाइटचा प्रकाश भरपूर असतो आणि मागे सरकायला जागाही असते. बायकांची बाजू मात्र घरात, बारा बाय चौदाच्या खोलीत. त्यात वीस-पंचवीस बायका, लहान मुले, मधोमध नवरी, छताला एक पिवळा दिवा आणि पडद्यावर सोडलेली एलईडीची माळ. छत्री लावून दिवा उभा करायला जागा नाही, आणि फ्लॅश मारला की नवरीच्या कपड्यांवरची जर पांढरीफटक होते. फोटो आले ते दाणेदार आणि मळकट. गिऱ्हाईक काही बोलले नाही, पण पुढच्या कामासाठी फोनही आला नाही. या धंद्यात नापसंती अशीच कळते.

तिने आपला बेत सांगितला. हातातला क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा विकायचा, फुल फ्रेम बॉडी घ्यायची, तिच्यावर २४ मि.मी. एफ १.४ ची कंपनीची सर्वांत भारी लेन्स लावायची आणि सगळे बारा हप्त्यांत फेडायचे. मी तिला म्हटले, "बेटा, आधी टेप घे आणि खोली मोज."

लेन्सवरच्या आकड्यांचे भय वाटण्याचे कारण नाही. सुतार, शिंपी, टाइल बसवणारे आपले बांधव रोज याहून अवघड हिशेब करतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ मि.मी. रुंद असतो. छत्तीसला लेन्सच्या मि.मी.ने भागा आणि येणाऱ्या आकड्याने अंतराला गुणा. त्या अंतरावर लेन्स किती रुंदी टिपेल ते मिळाले. २४ ची लेन्स अंतराच्या दीडपट रुंदी घेते, २० ची एक पूर्णांक आठ दशांशपट, ३५ ची जवळजवळ अंतराइतकीच. म्हणजे भिंतीला पाठ लावून नवरी नऊ फुटांवर असेल तर ३५ मध्ये नऊ फुटांची रुंदी येते, २४ मध्ये साडेतेरा आणि २० मध्ये सोळा. बारा फुटी खोलीत ३५ अपुरी पडते, २४ मध्ये खोली मावते आणि २० मध्ये दोन्ही भिंती येऊन वर पंख्याची पातीही येते. सोनी, निकॉन किंवा फुजीचा क्रॉप सेन्सर असेल तर मि.मी.ला दीडने गुणून मग हाच हिशेब करावा. १६ ची लेन्स तिथे २४ चे काम करते. कॅननच्या क्रॉप बॉडीला दीडऐवजी १.६ धरावे.

हा हिशेब झाल्यावर पुतणीच्या ध्यानात आले की तिच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १६-५० ची लेन्स १६ वर ठेवली तर खोली आजही मावतेच आहे. कमी पडत होता तो प्रकाश. ती लेन्स १६ वर जास्तीत जास्त एफ ३.५ पर्यंत उघडते. त्याच १६ मि.मी.ची एफ १.४ ची लेन्स सव्वासहापट प्रकाश आत घेते. तिचे फोटो आयएसओ १२८०० वर काढलेले होते. तेच फोटो तेवढ्याच शटरवर आयएसओ २००० वर निघाले असते. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ क्रॉप सेन्सरच्या सव्वादोनपटीहून थोडे अधिक असते आणि त्याचा फायदा होतो, हे मी नाकारीत नाही. पण सव्वादोनपटीसाठी बॉडी बदलायची आणि सव्वासहापट देणारी लेन्स तीच बॉडी ठेवून घ्यायची नाही, हा व्यापार मला समजत नाही.

आता कोणी म्हणेल की हल्लीचे कॅमेरे आयएसओ वाढवूनही छान चालतात, मग फास्ट लेन्सची गरजच काय? शटर हळू ठेवले की झाले. याला दोन उत्तरे आहेत. नवरी स्थिर बसते, पण तिला मेंदी दाखवायला लावणाऱ्या मावश्या आणि मध्येच धावणारी मुले स्थिर नसतात. कॅमेऱ्यातली थरथर रोखणारी यंत्रणा आपला हात स्थिर करते, समोरच्या माणसाला करू शकत नाही. दुसरे उत्तर विजेचे आहे. आपल्याकडची वीज ५० सायकलची, म्हणून स्वस्त एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर १/२५० वर नेले की फोटोत काळे-पिवळे पट्टे येतात, आणि मिररलेसमधले बिनआवाजाचे शटर चालू असेल तर जास्तच. अशा दिव्यांखाली १/१०० किंवा १/५० हीच शटरची सुरक्षित जागा. स्टेजमागच्या मोठ्या एलईडी पडद्यांचे लुकलुकणे वेगळ्या गतीचे असते, तिथे आधी एक-दोन फोटो काढून पाहावेत. सारांश हा की घरगुती दिव्यांखाली शटर आपल्या हातात फारसे उरत नाही. उरतात दोनच गोष्टी, लेन्सचे तोंड आणि आयएसओ. लेन्सचे तोंड लहान असेल तर सगळा भार आयएसओवर पडतो आणि फोटोत दाणे येतात.

मग तोंड किती मोठे हवे? माझे मत इथे बाजाराच्या विरुद्ध जाते. फुल फ्रेम कॅमेरा ज्यांच्याजवळ आधीच आहे त्यांनी एफ १.४ चा हट्ट धरू नये. एफ १.८ आणि एफ १.४ यांच्यात फरक आहे तो सुमारे दोन तृतीयांश स्टॉपचा. आयएसओ १६०० च्या जागी २५०० एवढाच. आजच्या फुल फ्रेम बॉडीवर गिऱ्हाईक तो फरक अल्बममध्ये ओळखणार नाही. एफ २.८ च्या झूमपेक्षा मात्र १.८ ची प्राइम जवळजवळ अडीचपट प्रकाश देते आणि एफ ४ च्या झूमपेक्षा पाचपट. पैसे मोजायचे ते त्या फरकासाठी. त्यापुढच्या दोन तृतीयांशासाठी किंमतही बरीच वाढते आणि बहुधा वजनही. सिग्माची २० मि.मी. एफ १.४ ही २०२२ सालची लेन्स सहाशे ग्रॅमच्या वर आहे आणि तिला ८२ मि.मी.चा फिल्टर लागतो. सोनीची २० मि.मी. एफ १.८ ही २०२० सालची, तिचे वजन ३७३ ग्रॅम आणि फिल्टर ६७ चा. दुपारी चारला उचललेला कॅमेरा रात्री बाराला खाली ठेवणाऱ्याला हा फरक मनगटात कळतो.

एफ १.४ ची माझी एक आठवण आहे आणि ती मला अजून सलते. नवी लेन्स घेतल्याच्या उत्साहात एका वलीम्यात मी स्टेजवरचा घरच्यांचा फोटो २४ च्या लेन्सने, पूर्ण तोंड उघडून, साडेसहा फुटांवरून काढला. पुढची ओळ अशी स्वच्छ आली की शेरवानीची टाकी मोजून घ्यावी. मागच्या ओळीत नवऱ्याचे आजोबा उभे होते. त्या अंतरावर फुल फ्रेमच्या २४ ला एफ १.४ वर स्वच्छ पट्टा मिळतो तो साधारण दोन फुटांचा, तोही थोडा फोकसच्या पुढे आणि थोडा मागे. आजोबा त्याच्या बाहेर होते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे दिसले नाही, अल्बमच्या पानावर दिसले. पुढे काही महिन्यांनी ते वारले. घरच्यांनी मोठा करून मागितलेला फोटो नेमका तोच. मी दुसऱ्या एका फोटोतून त्यांचा चेहरा काढून दिला, पण तो बाजूने होता. वाइड लेन्समध्ये सगळेच स्वच्छ येते असा एक समज आपल्या धंद्यात आहे. लहान तोंडाच्या जुन्या लेन्सनी तो पोसला. एफ १.४ वर आणि जवळून तो खरा नाही. दोन ओळी असतील तर एफ ४ वर यावे आणि आयएसओ वाढू द्यावा. दाणेदार आजोबा चालतात, धूसर चालत नाहीत.

२० की २४, यावर मी २४ च्या बाजूचा आहे. वाइड लेन्स कडेची वस्तू बाहेर ओढते. हा लेन्सचा दोष नव्हे, सपाट सेन्सरवर सरळ रेषा सरळ ठेवण्याची ती किंमत आहे. दाराची चौकट कडेला आली तर काही बिघडत नाही, पण कडेला बसलेल्या फूफीचा चेहरा आणि दंड रुंद झाला तर फोटो फाडला जातो. २४ मध्ये हा त्रास आहे, २० मध्ये जास्त, आणि १६ (फुल फ्रेमवरची) मध्ये तर कडेला माणूस ठेवूच नये. २० ची लेन्स त्याने घ्यावी ज्याला मंडप, सजावट आणि लहान खोल्या जास्त घ्याव्या लागतात आणि जो कडेला माणसांऐवजी पडदा आणि फुले ठेवण्याचा संयम पाळू शकतो. १६ च्या लेन्सचा मोह पडतो, कारण दुकानात डोळ्याला लावली की फोर्टची आख्खी गल्ली दिसते. पण गल्ली आपल्याला पैसे देत नाही.

लेन्सची निवड बॉडी ठरवते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर हे अंतर ४६.५ मि.मी. होते, झेड माउंटवर ते १६ आहे. कॅननचे ४४ चे २० झाले आणि सोनीचे १८ आहे. आरशाला वाट देण्यासाठी वाइड लेन्समध्ये पूर्वी जी काचांची कसरत करावी लागे ती त्यामुळे सैल झाली आणि कडेपर्यंत स्वच्छ येणाऱ्या लेन्स बनवणे सोपे झाले. म्हणून जुन्या कॅमेऱ्याची वाइड लेन्स अडॅप्टर लावून वापरण्यापेक्षा, आणि तेही एवढे वजन पुढे लटकवून, मिररलेससाठीच बनवलेली घ्यावी असे माझे मत आहे. ५० आणि ८५ च्या जुन्या लेन्सबाबत मी असे म्हणणार नाही.

सोनीवाल्यांना निवड सर्वांत मोठी आहे, कारण तिथे इतर कंपन्यांच्या लेन्सही मुबलक आहेत आणि जुन्याचा बाजारही चांगला चालतो. क्रॉप बॉडी असेल तर सिग्माची १६ मि.मी. एफ १.४. ही २०१७ साली आली, वजन ४०५ ग्रॅम. तिच्यात थरथर रोखण्याची यंत्रणा नाही, त्यामुळे चालत व्हिडिओ घेणाऱ्याने विचार करावा. सोनीची स्वतःची १५ मि.मी. एफ १.४ ही २०२२ सालची २१९ ग्रॅमची आहे, म्हणजे निम्म्याच्या आसपास, पण पैसे जास्त. निकॉन झेडची २० आणि २४ मि.मी. दोन्ही एफ १.८ च्या उत्तम आहेत. २० ची ५०५ ग्रॅमची असल्याने ती लांब वाटते. कॅननच्या फुल फ्रेमवाल्यांनी २४ मि.मी. एफ १.८ पाहावी. वजन २७० ग्रॅम, थरथर रोखणारी यंत्रणा आत, आणि अंगठी, मेहराचा कागद, मेंदीचा हात अर्ध्या आकारापर्यंत जवळून घेता येतो. ही एकच लेन्स निकाहाचे निम्मे काम उरकते. कॅननची १६ मि.मी. एफ २.८ हलकी आणि स्वस्त आहे, पण तिच्या कडा कॅमेऱ्यातला हिशेब ओढूनताणून सरळ करतो, आणि एफ २.८ ला मी अंधाऱ्या खोलीची लेन्स म्हणणार नाही. कॅननच्या क्रॉप मिररलेसवाल्यांची बरीच वर्षे उपासमार होती. २०२४ साली कॅननने दार किलकिले केल्यावर सिग्माची तीच १६ एफ १.४ त्यांनाही मिळू लागली. फुजीवाल्यांकडे २०१५ पासून १६ एफ १.४ आहे आणि २०२१ पासून १८ एफ १.४. १८ चा फोकस नव्या मोटरचा असल्याने चपळ आहे.

ज्यांनी ही लेन्स घेऊ नये अशांविषयीही लिहितो, कारण या पानाचे पुष्कळ वाचक फोटोग्राफर नसून कारागीर आहेत आणि आपल्या मालाचे फोटो स्वतः काढू लागले आहेत. किचन, कपाटे, फर्निचर करणाऱ्या बांधवांना वाइड लेन्स जरूर हवी, पण फास्ट नको. कपाट हलत नाही. तिवईवर कॅमेरा ठेवा, एफ ८ करा, दोन सेकंदांचे शटर द्या, साध्या झूममध्ये काम होते. बांगड्या, चपला, पितळी भांडी यांना तर वाइड लेन्स वर्ज्यच समजावी. जवळ नेली की चपलेचा अंगठा होडीएवढा आणि टाच बोराएवढी. उलट जरीकामाच्या खाटल्यावर चाललेला हात किंवा मालेगाव-भिवंडीच्या शेडमधला चालता यंत्रमाग दाखवायचा असेल तर जागा अरुंद, प्रकाश मंद आणि वस्तू हलती. तिथे हीच लेन्स हवी.

दुकानात गेल्यावर डबा उघडून सही करून यायचे नसते. आपली बॉडी आणि कार्ड बरोबर न्या. समोरच्या बंद शटरचा किंवा टाइलच्या भिंतीचा फोटो, कॅमेरा अगदी समोरासमोर धरून आणि तोंड पूर्ण उघडून काढा. चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच तिरकी बसली आहे, दुसरा नग मागा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. नंतर एक लहान दिवा कोपऱ्यात आणून पाहा. तो ठिपक्याऐवजी पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसत असेल तर तुमच्या फोटोतल्या एलईडीच्या माळाही कडेला तशाच दिसणार. जुनी लेन्स घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघा. कोकणातून येणाऱ्या मालात हे हमखास तपासावे. तिथला पाऊस काचेला सोडत नाही.

बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणारा भेटतोच. परभारे आलेल्या त्या मालाला इथल्या कंपनीची वॉरंटी बहुधा लागत नाही. शिवाय ज्यांची जीएसटीत नियमित नोंदणी आहे त्यांना धंद्याच्या लेन्सवर भरलेला कर बिलावर वजा करून मिळतो. कंपोझिशनवाल्यांना तो मिळत नाही. कर वजा केल्यावर बिलाची आणि बिनबिलाची किंमत कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहा. फरक वाटतो तेवढा राहत नाही.

राहता राहिले हप्ते. 'नो कॉस्ट' हप्त्याची पाटी प्रत्येक काउंटरवर आहे आणि आपल्यातले पुष्कळजण तिला बिनव्याजी समजून सही करतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी चीज अस्तित्वात नाही. नो कॉस्ट हप्त्यात बँक व्याज लावतेच, विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत दाखवते आणि व्याजाच्या रकमेवर जीएसटी तुमच्याकडून जातो. वर प्रक्रिया शुल्कही असू शकते. म्हणजे कागदावर व्याज आहे. ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे त्याने पाटी न वाचता बँकेचा कागद वाचावा, आणि ज्याला त्याचे काही वाटत नाही त्यानेही वाचावा. दुकानदाराला सरळ विचारा, रोख दिले तर तीच सूट मला देतोस का? पुष्कळदा देतो.

पुतणीला मी घ्यायला सांगितले नाही, भाड्याने आणायला सांगितले. दोन दिवसांचे भाडे म्हणजे तिच्या एका कामातला लहानसा तुकडा. तिने सिग्माची १६ एफ १.४ आणली, जुन्याच बॉडीवर लावली आणि शनिवारी एका घरी बायकांच्या बाजूचे काम केले. सव्वातीनशे फोटो आले. त्यातले चाळीस मी मोठे करून पाहिले. नवरीच्या चेहऱ्यावर दाणे नाहीत, जर सोन्यासारखी आली आहे. दोन फोटोंत कडेची बाई रुंद झाली आहे आणि एका घरच्या फोटोत मागची ओळ सुटली आहे. "एफ १.४ वरच काढलास ना?" असे विचारले तर हसली. फुल फ्रेमचा बेत तिने पुढच्या वर्षावर ढकलला आहे. आधी ही लेन्स तिला बिलासकट, वापरलेली का होईना, हवी आहे. मंगळवारी आम्ही दोघे बोराबाजारात जाणार आहोत. टेप तिच्या बॅगेत आहे.